जिमखाना फी भरलीत, आता मुलांना जाऊ द्या

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या कॉलेजच्या कार्यालयाबाहेर प्रवेशाची रांग लागते. कागद बापाच्या हातात, झेरॉक्सचा गठ्ठा आईच्या पिशवीत, आणि ज्याचा प्रवेश आहे तो मुलगा भिंतीला टेकून उभा. मी एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं अर्थशास्त्र शिकवतो आहे. दर वर्षी या रांगेतले कुणी ना कुणी पालक मला बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून तेच सांगतात : "सर, पोरगं हुशार आहे. फक्त त्या गॅदरिंग, नाटक, एनएसएस असल्या भानगडीत त्याला घेऊ नका. पहिलं वर्ष आहे. आधी अभ्यास करू दे, बाकीचं पुढं बघू."

आधी मी मान डोलवायचो. पालकांशी वाद कशाला घाला, असं वाटायचं. आता डोलवत नाही, कारण तीन वर्षांनी तोच मुलगा टीसी न्यायला येतो आणि मला त्याचं नाव आठवत नाही. गेल्या जूनमध्ये असाच एक आला होता. गुण उत्तम, हजेरी चोख, एकही विषय राहिलेला नाही. कुठल्याशा नोकरीच्या अर्जात ओळखीच्या दोन व्यक्तींची नावं द्यायची होती, नातेवाईक चालणार नव्हते. "सर, तुमचं नाव घालू का?" असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "आणि दुसरं?" त्याचं पेन तसंच हवेत राहिलं. तीन वर्षं एका आवारात काढलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला त्या आवारातलं दुसरं नाव सुचत नव्हतं. त्याचा बाप मला रांगेत भेटला होता, हे मला त्या क्षणी आठवलं. त्याला मी मान डोलवून होकार दिला होता. म्हणून हे लिहितो आहे.

या सल्ल्यामागचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी आधी मांडतो, कारण ते एकट्यादुकट्याचं नाही. घरोघरी, क्लासमध्ये, बसस्टँडवर आणि खुद्द आमच्या स्टाफरूममध्ये ते बोललं जातं. कॉलेज पदवीसाठी आणि पदवी नोकरीसाठी. घरानं पोटाला चिमटा घेऊन पैसे भरलेत. पहिल्या वर्षी मूल नवखं असतं, पाय घसरण्याचा धोका तेव्हाच जास्त. गॅदरिंगच्या नावाखाली महिना जातो, नाटकवाल्यांच्या एटीकेटी लागतात, पुढारपण करणारी पोरं शेवटी पानाच्या टपरीवर उभी दिसतात. तेव्हा पहिल्या वर्षी मान खाली घालून वर्ग, ग्रंथालय, घर. एकदा बूड स्थिर झालं की मग हौस करायला कोण नको म्हणतंय?

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. मला ते मुलांच्या नुकसानीचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

सुरुवात "अभ्यास बुडतो" या मुद्द्यापासून. किती बुडतो, हे कधी कुणी मोजलंय का? राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे वर्षाला १२०. त्याखेरीज दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं शिबिर. वर्षाचे एकूण तास ८,७६०. जो मुलगा रोज तीन तास मोबाईलवर घालवतो तो १२० तास चाळीस दिवसांत संपवतो. त्या तीन तासांसाठी कुठला बाप मला रांगेतून बाजूला घेऊन विनंती करतो? खोलीचं दार लावून मूल आत बसलं की ते अभ्यास करतंय, आणि मैदानावर दिसलं की बिघडलं, हे आपण कशावरून ठरवलं?

आणि अभ्यास म्हणजे काय, हेही एकदा बोलू. काही वर्षांपूर्वी मी एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. हिवाळी शिबिरात दत्तक गावात आम्ही घरोघर पाहणी करायचो. पहिल्या वर्षाची एक मुलगी संध्याकाळी अर्धवट भरलेला तक्ता घेऊन आली. "सर, 'मासिक उत्पन्न' या रकान्यात काय लिहू? त्यांना महिन्याला काही मिळतच नाही. कापूस विकला की एकदम येतात, ते आधीच्या उधारीत जातात. मग बाईच्या मजुरीवर घर चालतं, आणि ती मजुरी कधी असते, कधी नसते." मी तिला म्हटलं, रकाना कोरा ठेव आणि तू आत्ता जे बोललीस ते मागच्या बाजूला लिही. त्या मुलीनं पुढच्या सत्रात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तासाला हात वर करून विचारलं, "ज्या घराचं उत्पन्न रकान्यात बसत नाही, ते तुम्ही मोजता कसं?" माझ्या २७ वर्षांत या विषयावर मला आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. तो ग्रंथालयात बसून तिला पडला असता का? वर्गात साठ मुलं होती. शिबिराला आलेल्या मुलांनी माना वर केल्या, बाकीचे व्याख्या उतरवून घेत होते. अभ्यास नेमका कुणाचा बुडाला?

"हे कला शाखेला ठीक आहे, आमच्याकडे अभ्यासक्रम अवघड असतो," असं विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाले म्हणतात. मेडिकलपेक्षा अवघड? डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे हे तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले, पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघांच्याही नाटकाची मुळं विद्यार्थिदशेत आहेत. डॉ. अनिल अवचटही त्याच कॉलेजचे. त्यांचं पहिलं पुस्तक 'पूर्णिया' हे १९६९ चं, आणि ते बिहारमध्ये हिंडून डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचं आहे. शरीररचनाशास्त्राची जाडजूड पुस्तकं यांनाही पाठ करावी लागलीच होती.

इथं समोरचा माणूस हमखास एक नाव काढतो. "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे." खरं आहे, आणि त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्या अभ्यासाचं त्यांनी काय केलं, हे का सांगत नाही? कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. आपण वाचलेलं परक्या देशात, परक्या लोकांसमोर उभं राहून मांडलं आणि प्रश्न अंगावर घेतले. पुढे १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं, तिथं विद्यार्थ्यांची संसद भरत असे. ज्या मुलांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यांच्यासाठी काढलेल्या कॉलेजात त्यांना वादविवाद हवा होता. बाबासाहेबांचा दाखला देऊन मुलाला गप्प बसवणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही त्याला सांगावी.

लोकमान्यांची तसबीर तर आमच्या कार्यालयातच आहे, प्रवेशाच्या रांगेच्या बरोबर समोर. टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीनं किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती, पोहणं यांत घालवलं आणि परीक्षेत त्याची किंमत मोजली. पुढे गणित घेऊन ते बी.ए. ला पहिल्या वर्गात आले. मंडालेच्या तुरुंगातल्या सहा वर्षांत जे शरीर टिकलं ते त्या पहिल्या वर्षात कमावलेलं. मी कुणाला नापास व्हा म्हणत नाही. वर्ष वाया घालवा असंही म्हणत नाही. एवढंच विचारतो, की त्या तसबिरीखाली उभं राहून "पहिल्या वर्षी फक्त अभ्यास" हे सांगताना आपण नेमका कुणाचा कित्ता मुलाला देत आहोत?

आता "पुढच्या वर्षी बघू". या तीन शब्दांनी जितकी मुलं वाया गेली तितकी कुठल्याही टपरीनं घालवली नसतील.

ज्यांनी कॉलेज आतून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात वर्गात सगळेच अनोळखी असतात. शहरातला मुलगाही बावरलेला असतो आणि खेड्यातलाही. त्या काळात कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो, कुणीही कुणालाही विचारतो की आयकार्ड कुठं मिळतं. ही मोकळीक फार थोडे दिवस टिकते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बाकं ठरतात, डबे खाणारे घोळके ठरतात, नाटकाच्या चमूत कोण, मासिकाच्या संपादक मंडळात कोण, कबड्डीच्या संघात कोण, सगळं ठरून जातं. दुसऱ्या वर्षी जो येतो तो ठरलेल्या घोळक्यात शिरायला येतो, आणि लाजाळू मुलाला ते जमत नाही. पहिल्या वर्षी एकांकिकेत त्याला कुणी नायक करत नाही. त्याला पडदा ओढायला ठेवतात, नेपथ्याचे ठोकळे उचलायला लावतात, प्रकाशयोजनेच्या पोरामागं वायर धरून उभं करतात. तिथूनच तो शिकतो. तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन करणारी बहुतेक पोरं मी पहिल्या वर्षी वायर धरताना पाहिली आहेत. दुसऱ्या वर्षी आलेल्याला वायर धरायची लाज वाटते आणि दिग्दर्शन कुणी देत नाही.

हे झालं माणसांचं. नियमांचंही तसंच आहे. एनएसएसच्या प्रमाणपत्राला दोन वर्षं सलग काम आणि एक शिबिर लागतं. एनसीसीत 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षी आणि 'सी' ची तिसऱ्या वर्षी होते. पहिल्या वर्षी ज्यानं नाव घातलं नाही, त्याची तीन वर्षं पदवीच्या आत पुरी होत नाहीत. आणि 'सी' प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नव्हे. पदवीला ५० टक्के आणि 'सी' ला 'बी' श्रेणी असलेल्या छात्राला सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापुढे जायचा मार्ग खुला असतो. "सर, माझ्या पोराला लष्करात जायचंय, आधी अभ्यास करू दे, एनसीसी पुढच्या वर्षी," असं सांगणारे पालक मला भेटले आहेत. त्यांच्या काळजीपोटी त्यांच्याच मुलाचं दार बंद झालं. याला दूरदृष्टी म्हणायचं?

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाकडे पाहा. महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ मध्ये ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" ही आरोळी साठ वर्षं घुमते आहे. मराठी रंगभूमीवर, मालिकांत, चित्रपटांत आज जे दिसतात त्यांतल्या कितीजणांचा प्रवास या रंगमंचावरून सुरू झाला ते सांगायला नको. पण माझा मुद्दा नावारूपाला आलेल्यांचा नाही. प्रत्येक चमूत प्रकाशात न येणारी पंधरा-वीस मुलं असतात. ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावणं, वेळेची काटेकोर मर्यादा पाळणं, हरल्यावर परतीच्या गाडीत एकमेकांवर न ओरडणं हे त्यांना करावं लागतं. ही मुलं पुढे नट होत नाहीत. ती बँकेत, शाळेत, दुकानात, शेतात काम करतात, आणि तिथं हेच लागतं.

नोकरीचा मुद्दा मी इथंच घेतो, कारण पालकांना खरी चिंता त्याची आहे आणि ती मी क्षुल्लक मानत नाही. "मित्रांनी पोट भरत नाही," असं म्हणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या शिकलेल्या लोकांना विचारलं, की तुम्हाला नोकरीची खबर ज्या माणसाकडून कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ च्या त्यांच्या निबंधात उत्तरं आहेत. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के, क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. कारण साधं आहे. घरचे आणि जिवलग यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी खबर बाहेरच्या वर्तुळातून येते. आपल्याकडे हे वेगळं आहे का? भरतीची जाहिरात निघाली, अमुक कंपनी मुलाखती घेतेय, तमुक विद्यापीठात एम.ए. ला जागा आहेत, हे गावातल्या मुलाला कोण सांगतं? शिबिरात ज्याच्याबरोबर भाकरी थापली तो दुसऱ्या शाखेचा मुलगा सांगतो. युवा महोत्सवात भेटलेली दुसऱ्या कॉलेजची मुलगी सांगते. मुलगा घराबाहेर पडून चार अनोळखी माणसांना भेटलाच नाही, तर त्याची ही वर्तुळं तयार कुठं होणार? अर्जातल्या त्या दुसऱ्या नावाची जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

"पण हे सगळं खात्यापित्या घरच्या पोरांचं. आपल्याला परवडत नाही." हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो बोलणारा माणूस खरंच कष्टात असतो. तरीही तो चुकतो आहे, आणि त्याच्या चुकण्याची किंमत त्याच्याच मुलाला पडते. गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, घरी अठराविश्वे दारिद्र्य. डेक्कन कॉलेजात असताना शिष्यवृत्ती, वर्तमानपत्रांतलं लेखन आणि वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं यांवर त्यांनी आपला खर्च भागवला. स्पर्धेत उतरणं ही त्यांची चैन नव्हती, त्यावर जेवण चालत होतं. त्याच कॉलेजात त्यांची आणि टिळकांची गाठ पडली, रात्र रात्र बोलणी झाली, आणि १ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. दोघंही वर्ग, ग्रंथालय, खोली एवढंच करत राहिले असते, तर महाराष्ट्राच्या इतिहासातलं ते पान कुठून आलं असतं? आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. गरिबाच्या मुलांनी तिथं शेतात, बांधकामावर एकत्र घाम गाळला. गरिबाच्या मुलाला सोबत आणि सामूहिक काम यांची गरज श्रीमंताच्या मुलापेक्षा जास्त आहे, हे भाऊरावांना कळलं होतं.

खात्यापित्या घरच्या मुलाला काका वकील असतो, मावशी बँकेत असते, वडिलांचा मित्र कंपनीत असतो. त्यानं कॉलेजात कुणाशी ओळख केली नाही तरी त्याचं अडत नाही. ज्याच्या घरातून कॉलेजात येणारा तो पहिलाच आहे, त्याला कॉलेज हीच एक जागा आहे जिथं परकी माणसं आपली होऊ शकतात. त्यालाच आपण म्हणतो, तू कुणात मिसळू नकोस. या मुलांतली काही दिवाळीनंतर येतच नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ ओढायचं काम मी केलं आहे. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा अभ्यास करणाऱ्या व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांविषयी मांडलं होतं, की संस्थेतल्या माणसांशी आणि तिथल्या जगण्याशी धागा जुळला नाही की मुलं गळतात. माझ्या हजेरीपटाचंही तेच म्हणणं आहे. गळणाऱ्या मुलाला परत बोलवायला घरी जाणारा कुणीतरी वर्गमित्र लागतो. तो नसला तर मी पाठवू कुणाला?

मुलींच्या बाबतीत "काळ बरा नाही" एवढ्यावर विषय संपवला जातो. एक गोष्ट मी मान्य करतो : शेवटची एसटी चुकेल अशा वेळी तालीम ठेवणारं कॉलेज बेजबाबदार आहे. पण मग तालमीची वेळ बदला, मुलीला कशाला घरी बसवता? आम्ही तालीम दुपारी एकला आणली आणि मुलींची संख्या त्याच वर्षी वाढली. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत असतो, कॉलेजात येताच तो थांबतो. त्यावर आवाज उठवायला वर्गातल्या दहा मुली एकत्र यायला हव्यात, आणि एकत्र येण्यालाच आपण भानगड म्हणतो. रॅगिंगच्या भीतीचंही तसंच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण त्रास देणारा नेहमी एकट्याला गाठतो, चार जणांत ओळख असलेल्याला गाठत नाही.

राहिलं राजकारण. "पोरं पुढाऱ्यांच्या नादी लागतात." १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, अशी व्यवस्था आणली. त्याच १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं होतं, हे लक्षात घ्या. म्हणजे प्रथम वर्षाचा विद्यार्थी देशाचा खासदार निवडू शकतो, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतकी अक्कल त्याला नाही. २०१६ च्या कायद्यात निवडणुका पुन्हा आल्या, २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या आणि विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. खर्चाला उमेदवारामागे ५ हजारांची मर्यादा, ७५ टक्के हजेरी, एकही विषय मागे नको, अशा अटी विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६ मध्येच सुचवल्या होत्या. धाक घालायला तेवढं पुरेसं होतं. आपण खेळच बंद ठेवला. त्यामुळे राजकारण थांबलं का? आमच्या गावात तरी थांबलं नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर वाढदिवसाच्या फलकांवर फर्स्ट इयरच्या मुलांचे फोटो लागतात. आत सभा कशी चालवायची, विरोधी मत कसं ऐकायचं, हिशेब कसा द्यायचा हे कुणी शिकवलं नाही, म्हणून ती बाहेर जाऊन घोषणा द्यायला शिकली.

माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. नव्या शैक्षणिक धोरणानं एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक काम यांना श्रेयांक दिले. चांगलं झालं. पण श्रेयांकासाठी रजिस्टरवर सह्या गोळा करून काम झाल्याचं दाखवणं सुरू झालंय, हे आपण सगळे जाणतो. वृक्षारोपणाच्या एकाच खड्ड्यात दर वर्षी रोप लावून फोटो काढला, तर पालकांनी त्याला थोतांड म्हणावं आणि आपण खाली मान घालून ऐकावं. मुलांना बोलवायचं असेल तर काम खरं हवं.

आणि पालकहो, एक कागद तुमच्याच घरात आहे. प्रवेशाची पावती काढा. शिकवणी शुल्काच्या खाली ओळी आहेत : जिमखाना, ग्रंथालय, वार्षिक मासिक, विद्यार्थी कल्याण निधी. रांगेत उभं राहून हे पैसे तुम्ही मोजलेत. कुणी दावणीची गाय विकून, कुणी सोनं गहाण ठेवून मोजलेत. कबड्डीच्या मैदानाचे, वादविवादाच्या व्यासपीठाचे, मासिकात छापून येणाऱ्या पहिल्या लेखाचे पैसे तुमच्याकडून घेतले गेले आहेत आणि तुमच्या मुलाचा त्यावर हक्क आहे. तो हक्क त्यानं वापरू नये असं तुम्ही का सांगता?

जो मुलगा भिंतीला टेकून उभा होता त्याला सांगतो. आमच्याकडे एनएसएसची नोंदणी ऑगस्टअखेरपर्यंत चालते. फॉर्म एका पानाचा आहे, दोन फोटो लागतात. एनसीसीची निवड त्याच सुमारास मैदानावर सकाळी सातला होते, धावायची तयारी ठेव. भित्तिपत्रकाची पेटी जिन्याखाली आहे, त्यात लेख टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. एकांकिकेची निवड चाचणी हॉल क्रमांक दोनमध्ये असते. कुणी ओळखीचं नसेल तर स्टाफरूमला ये आणि माझं नाव सांग. मी तुझ्याबरोबर हॉलपर्यंत येतो.